निर्णय यंत्राचा, उत्तर कोणाचे?

(वाडी, नागपूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वाडीकरांना शस्त्र हा विषय नवा नाही. अमरावती मार्गावरील या वस्तीतील कितीतरी कुटुंबांचा संसार अंबाझरीच्या आयुध निर्माणीवर उभा राहिला. १९६२च्या चिनी आक्रमणानंतरच्या दशकात ही निर्माणी सुरू झाली. तोफगोळ्यांची कवचे आणि ‘पिनाक’ अग्निबाणांचे भाग येथे घडले. १ ऑक्टोबर २०२१पासून ती ‘यंत्र इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीचा भाग झाली असून, त्या कंपनीचे मुख्यालयही नागपुरातच आहे. अशा कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. बाहेर पडणाऱ्या मालाची कोणीतरी तपासणी केलेली असते आणि तिच्याखाली कोणाची तरी सही असते. पुढे काही बिघडले, तर त्या सहीपर्यंत मागे जाता येते आणि तिच्या धन्याला जाब विचारता येतो.

आजचा विषय या सहीचा आहे. माणसाने जगावे की मरावे, हे उद्या एखाद्या यंत्राने ठरवले, तर त्या निर्णयाखाली सही कोणाची असेल?

हा प्रश्न दूरच्या भविष्यातला वाटतो. पण तो नागपूरच्या दारात येऊन ठेपला आहे. जून २०२४मध्ये नागपूरच्या सोलार समूहातील ‘इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज लिमिटेड’ या कंपनीने भारतीय सेनेला ‘नागास्त्र-१’ची पहिली तुकडी सुपूर्द केली. एकूण मागणी ४८० नगांची होती, त्यांपैकी १२० त्या वेळी देण्यात आले. सुमारे ९ किलो वजनाचे हे अस्त्र आकाशात घिरट्या घालते आणि लक्ष्य हेरून त्याच्यावर झेपावते. मागील पिढीत अशा साधनांसाठी परदेशाचे उंबरठे झिजवावे लागत. आज ती नागपुरात तयार होतात, याचा अभिमान प्रत्येकाला वाटला पाहिजे. ७ मे २०२५ रोजी सुरू झालेल्या ‘ऑपरेशन सिंदूर’मध्ये या जातीच्या अस्त्रांचे महत्त्व सर्व देशाने पाहिले.

‘नागास्त्र’चे एक वैशिष्ट्य मात्र जाणीवपूर्वक लक्षात घेण्यासारखे आहे. लक्ष्य सापडले नाही अथवा मोहीम रद्द झाली, तर हे अस्त्र परत बोलावता येते. हवाई छत्रीच्या साहाय्याने ते सुखरूप उतरते आणि पुन्हा वापरता येते. सैनिकाच्या थेट नियंत्रणाखाली त्याचा पल्ला १५ किलोमीटरचा आहे आणि स्वयंचलित पद्धतीने ३० किलोमीटरचा. स्वयंचलित पद्धतीतही कोठे जायचे, हे माणसानेच आधी सांगितलेले असते. तरीही या दोन आकड्यांमधील अंतरात आजचा सारा विषय सामावला आहे. पहिल्या १५ किलोमीटरमध्ये माणसाचा हात अस्त्रावर असतो, पुढच्या १५मध्ये त्याने दिलेली आज्ञा असते. त्यानंतरची पायरी म्हणजे लक्ष्य कोणते, हेही अस्त्रानेच ठरवणे. तंत्रज्ञान त्या पायरीपाशी येऊन पोहोचले आहे.

अस्त्र आणि उपसंहार

आपल्या परंपरेने हा प्रश्न फार पूर्वी विचारात घेतला आहे. महाभारताच्या सौप्तिक पर्वात अश्वत्थामा आणि अर्जुन या दोघांनीही परस्परांविरुद्ध महाअस्त्रे सोडल्याची कथा आहे. सृष्टीचा नाश होईल हे पाहून व्यास आणि नारद मध्ये उभे राहतात व दोघांनाही अस्त्रे मागे घेण्यास सांगतात. अर्जुन ते मागे घेतो. अश्वत्थाम्याला ते जमत नाही. कारण सोडण्याची विद्या त्याच्याजवळ असली, तरी आवरण्यासाठी लागणारा संयम त्याने कमावलेला नाही. अखेर ते अस्त्र तो पांडवकुलातील गर्भांवर वळवतो.

दोघांच्या अस्त्रांची शक्ती सारखीच होती. भेद होता तो सोडणाऱ्यामध्ये. अस्त्र मागे घेण्याच्या क्रियेला आपल्याकडे ‘उपसंहार’ असा शब्द आहे आणि ज्याला उपसंहार येत नाही, त्याच्या हाती अस्त्र देणे हाच अपराध, असा या कथेचा कौल आहे. द्रोणाचार्यांनी पुत्रमोहाने ते दिले आणि त्याची किंमत जन्मालाही न आलेल्या जिवांना मोजावी लागली. ‘नागास्त्र’ घडवणाऱ्यांनी परत बोलावण्याची सोय ठेवली, तिच्यामागे तांत्रिक आणि आर्थिक कारणे असतील. पण तिच्यात एक जुने शहाणपणही आहे.

माणूस चुकत नाही काय?

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. माणसाच्या हाती निर्णय होता, म्हणून तो योग्यच झाला, असे इतिहास सांगत नाही. ३ जुलै १९८८ रोजी इराणच्या आखातात अमेरिकेच्या ‘व्हिन्सेन्स’ या युद्धनौकेने बंदर अब्बासहून दुबईला निघालेले इराण एअरचे प्रवासी विमान क्षेपणास्त्रांनी पाडले. २९० माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत भारतीयही होते. नौकेवरील ‘एजिस’ या संगणकीय यंत्रणेच्या नोंदीत विमान वर चढत असल्याचे दिसत होते. भेदरलेल्या नौसैनिकांनी मात्र ते खाली झेपावत असल्याचे कप्तानाला सांगितले. यंत्राची नोंद बरोबर होती, माणसाचे वाचन चुकले.

मग यंत्रावरच सोपवावे काय? २००३च्या इराक युद्धात अमेरिकेच्या ‘पॅट्रिऑट’ या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेने २३ मार्च रोजी आपल्याच बाजूचे ब्रिटिश ‘टोर्नेडो’ विमान पाडले. त्यातील दोन्ही वैमानिक ठार झाले. यंत्राने त्या विमानाला शत्रूचे क्षेपणास्त्र ठरवले होते. दहा दिवसांनी, २ एप्रिलला, अमेरिकेच्याच नौदलाचे एक लढाऊ विमान पाडले गेले आणि त्याचाही वैमानिक मरण पावला. त्या यंत्रणेसमोर माणसे बसलेली होती. परंतु यंत्रणा मुख्यतः स्वयंचलित पद्धतीने चालवली जात होती आणि तिच्यावर विश्वास ठेवण्याचेच शिक्षण त्या माणसांना मिळाले होते, असे पुढे अमेरिकेच्याच संरक्षण विज्ञान मंडळाने नमूद केले. माणूस होता, पण नावापुरता.

तिसरे उदाहरण २६ सप्टेंबर १९८३चे. मॉस्कोजवळच्या भूमिगत केंद्रात स्तानिस्लाव पेत्रोव्ह हा सोव्हिएत अधिकारी रात्रपाळीवर होता. अमेरिकेने क्षेपणास्त्रे सोडल्याचे उपग्रह यंत्रणेने जाहीर केले आणि एकामागून एक पाच क्षेपणास्त्रे दाखवली. खरोखर हल्ला करायचा, तर कोणी पाचच क्षेपणास्त्रे कशाला सोडील, असा विचार पेत्रोव्हने केला आणि हा खोटा इशारा असल्याचे वरिष्ठांना कळवले. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने यंत्रणा फसली होती. अणुयुद्ध टळले.

या तिन्ही घटना एकत्र ठेवल्या की ध्यानात येते, ‘कोण कमी चुकतो’ हा प्रश्न अपुरा आहे. उद्या यंत्रे माणसापेक्षा कमी चुकतीलही. परंतु ‘व्हिन्सेन्स’च्या चुकीला चेहरे होते, चौकशी झाली, प्रश्न विचारले गेले, अमेरिकेला भरपाई द्यावी लागली. पेत्रोव्हच्या निर्णयाला विचाराचा अवधी होता आणि चुकला असता तर त्याचा भार वाहणारा एक माणूस होता. ‘पॅट्रिऑट’च्या बाबतीत मात्र यंत्राने ठरवले, माणसाने मान डोलावली आणि उत्तरदायित्व दोघांच्या मधल्या फटीत नाहीसे झाले. खरे भय या फटीचे आहे.

जागतिक व्यासपीठावर या फटीवर बोट ठेवण्यात भारताचा वाटा मोठा आहे. स्वयंचलित संहारक अस्त्रांचा विचार करणाऱ्या जिनिव्हा येथील शासकीय तज्ज्ञगटाचे अध्यक्षपद २०१७ आणि २०१८मध्ये भारताचे राजदूत अमनदीप सिंग गिल यांच्याकडे होते. त्या काळात आकाराला आलेली मार्गदर्शक तत्त्वे २०१९मध्ये एकूण ११ तत्त्वांच्या रूपाने मान्य झाली. अस्त्रांच्या वापराची जबाबदारी माणसाकडेच राहिली पाहिजे, कारण उत्तरदायित्व यंत्राकडे सोपवता येत नाही, हे त्यांतील एक प्रमुख तत्त्व. डिसेंबर २०२३मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या विषयावरील ठरावाविरुद्ध भारताने मत दिले, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. ही चर्चा जिनिव्हाच्या मंचावरच व्हावी, ही भारताची भूमिका आहे. ज्याच्या दोन सीमांवर शस्त्रसज्ज शेजारी उभे आहेत, त्या देशाने आपले हात आधीच बांधून घेऊ नयेत, हे समजण्यासारखे आहे. मात्र हात मोकळे ठेवणे आणि हात काढून घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

शय्येपाशी कोण होते?

रणांगण सर्वांच्या वाट्याला येत नाही. रुग्णालय प्रत्येकाच्या वाट्याला येते. तेथे हाच प्रश्न अधिक कोवळ्या जागी बोचतो आणि त्याचे सर्वांत अर्थपूर्ण उत्तर महाराष्ट्रातच सापडते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अमानुष हल्ला झाला आणि त्यांची जाणीव जवळजवळ हरपली. त्यानंतरची सुमारे ४२ वर्षे त्या त्याच रुग्णालयात होत्या. २००९मध्ये लेखिका पिंकी विराणी यांनी, त्यांचे अन्न थांबवून त्यांना या यातनांतून मुक्त करावे, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात केली. विराणींनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले होते आणि त्यांची तळमळ खरी होती. रुग्णालयातील परिचारिका आणि डॉक्टर मात्र म्हणाले की, अरुणा आमची आहे, तिला जगू द्या.

७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ग्यानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. विशिष्ट परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या अनुमतीने, जीवरक्षक उपचार थांबवता येतील, असे तत्त्व त्यांनी मान्य केले. परंतु अरुणा यांच्याबाबत याचिका फेटाळली. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर न्यायालयाने दिलेले उत्तर फार मोलाचे आहे. तो अधिकार न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. कारण रात्रंदिवस सेवा त्यांनी केली होती. अंथरुणाला खिळलेल्या त्या देहाला इतक्या वर्षांत शय्याव्रण झाले नव्हते. कुशीवर वळवणे, पुसणे, भरवणे हे हजारो दिवस करणाऱ्या हातांना न्यायालयाने निर्णयाचा अधिकार दिला. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा यांचे निधन झाले, तेव्हा ज्यांनी सेवेत असताना त्यांना कधी धडधाकट पाहिलेही नव्हते, अशा परिचारिका रडत होत्या.

ज्याने सेवा केली, त्याने बोलावे. जीवन-मरणाच्या निर्णयाचा अधिकार कोठून येतो, याचे याहून स्वच्छ उत्तर मिळणे कठीण आहे.

आता भविष्याकडे पाहू. शुद्ध हरपलेल्या रुग्णाला काय हवे असते, याचा अंदाज कृत्रिम बुद्धिमत्तेकडून घ्यावा, असा प्रस्ताव पाश्चात्त्य वैद्यकीय नीतिशास्त्रज्ञांनी २०२४मध्ये गंभीरपणे मांडला आहे. रुग्णाचे लेखन, संदेश, पूर्वीचे निर्णय यंत्राला पुरवायचे आणि ‘हा असता तर काय म्हणाला असता’ हे त्याला विचारायचे. प्रस्ताव चक्रमपणाचा नाही. रुग्णाच्या इच्छेविषयी नातेवाइकांचे अंदाज तपासणाऱ्या अभ्यासांचा आढावा २००६मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ते केवळ ६८ टक्के वेळा बरोबर ठरत असल्याचे दिसले. तीनांतील एका वेळी पत्नी, पुत्र, बंधूही चुकतात. यंत्र कदाचित ८० टक्के बरोबर ठरेल. मग?

मग हे लक्षात घ्यावे लागेल की, अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसलेला मुलगा केवळ अंदाज बांधत नसतो. तो निर्णय घेतो आणि पुढे आयुष्यभर त्याच्यासोबत राहतो. तेराव्याला आत्या त्याला विचारते, ‘बाबांची नळी काढायला तू हो म्हणालास ना?’ त्याला उत्तर द्यावे लागते. त्या उत्तराच्या भारामुळेच तो सही करण्यापूर्वी शंभरदा विचार करतो, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारतो, आईचा हात धरून बसतो. हा भार काढून घेतला, तर त्याची सुटका होईल खरी. पण पित्याच्या मृत्यूपाशी मग कोणीच उरणार नाही. यंत्राने मुलाला माहिती जरूर द्यावी. त्याची जागा घेऊ नये.

ज्यांची नोंदच नाही

दुसरा धोका अधिक व्यावहारिक असून विदर्भाला तो थेट भिडतो. यंत्र शिकते ते जुन्या नोंदींवरून. अमेरिकेतील रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या एका संगणकीय पद्धतीचा अभ्यास २०१९मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अधिक काळजीची गरज कोणाला आहे, हे त्या पद्धतीने ठरवायचे होते. त्यासाठी तिने पूर्वीच्या उपचारांवरील खर्च हे माप धरले. कृष्णवर्णीयांवर मुळातच कमी खर्च झालेला असल्याने, तितकेच किंवा अधिक आजारी असूनही, ते तिला तुलनेने निरोगी वाटले. यंत्राच्या मनात द्वेष नव्हता. समाजातील जुना अन्याय त्याने फक्त आकड्यांत उतरवला आणि त्याला शास्त्राचा शिक्का मिळाला.

हेच माप मेळघाटात किंवा गडचिरोलीत लावून पाहावे. ज्या वनवासी मातेची कधी रक्ततपासणी झाली नाही, ज्या कापूस उत्पादकाने छातीतील कळ अंगावर काढली, त्यांचा आजार कोणत्याच संगणकात नाही. नागपूरच्या मेडिकलमध्ये किंवा एम्समध्ये उद्या एकच खाट शिल्लक असेल आणि ती कोणाला द्यावी, हे यंत्र ठरवणार असेल, तर ज्याची जाडजूड फाइल आहे, त्याचा दावा भक्कम ठरेल. नोंद नसलेला माणूस यंत्राला दिसणारच नाही. अनुभवी डॉक्टरला मात्र त्याचे सुकलेले ओठ आणि त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावरची भीती दिसते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२३मध्ये आरोग्यसेवेतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. निर्णयप्रक्रियेत माणूस असलाच पाहिजे आणि उत्तरदायित्व निश्चित असले पाहिजे, यांवर त्यांत भर आहे. ती कागदावर राहू नयेत, हे पाहणे समाजाचे काम आहे.

सावध करणारे यंत्र

याचा अर्थ यंत्राला दारातच अडवावे, असा नाही. यंत्राचे योग्य स्थान कोणते, हे नागपूरच्याच रस्त्यांवर पाहता येते. सप्टेंबर २०२१मध्ये येथे ‘आयरास्ते’ हा रस्ता सुरक्षा प्रकल्प सुरू झाला. महापालिकेच्या बसगाड्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी उपकरणे बसवण्यात आली. समोर धडक होण्याची शक्यता दिसताच ते उपकरण चालकाला सावध करते. ब्रेकवर पाय मात्र चालकाचाच असतो. अमरावती मार्गावर मालमोटारींच्या रांगांमधून वाट काढणाऱ्या वाडीकराला अशा तिसऱ्या डोळ्याचे मोल सांगायला नको.

डिसेंबर २०२३मध्ये नागपूरच्या आयआयएममधील एका संवादात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी, चालकरहित मोटारी भारतात येऊ देणार नाही, असे सांगितले. लक्षावधी चालकांची रोजीरोटी, हे त्यांचे कारण होते. ते कारण रास्त आहेच. पण त्याच्या जोडीला दुसरेही आहे. टक्कर अटळ असताना मोटारीने कोणाला वाचवावे, हे विचारणारी एक जागतिक पाहणी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने केली. २०१८मध्ये तिचे निष्कर्ष ‘नेचर’मध्ये आले, तेव्हा सुमारे ४ कोटी उत्तरे जमली होती. वृद्धांऐवजी तरुणांना वाचवण्याचा कल पाश्चात्त्य देशांत ठळक होता, जपान, चीन यांसारख्या पौर्वात्य देशांत तो बराच सौम्य आढळला. म्हणजे ‘नीती’ म्हणून यंत्रात जे भरले जाईल, ते कोणत्या तरी एका समाजाचे मत असेल. कॅलिफोर्नियात बसलेल्या अभियंत्याने ठरवावे आणि आपल्या गल्लीतील आजोबांनी ते भोगावे, ही पराधीनता राजकीय पराधीनतेपेक्षा कमी घातक नाही. म्हणून भारताने स्वतःची यंत्रे घडवली पाहिजेत आणि त्यांत कोणती मूल्ये उतरतात, हे उघडपणे तपासलेही पाहिजे.

तीन अटी

या सर्व विवेचनातून तीन अटी निघतात. जीवन-मरणाला स्पर्श करणाऱ्या प्रत्येक यंत्रनिर्णयामागे एका हाडामांसाच्या माणसाचे नाव असावे. त्या माणसाला विचार करण्यापुरता वेळ आणि नकार देण्याचा खरा अधिकार असावा. अन्यथा त्याचे नाव म्हणजे ‘पॅट्रिऑट’समोर बसलेल्या सैनिकांसारखा केवळ देखावा ठरेल. आणि अखेरच्या क्षणापर्यंत उपसंहाराची, म्हणजे निर्णय मागे घेण्याची, वाट खुली असावी. युद्धकाळात क्षणांची लढाई असते, येणारे क्षेपणास्त्र रोखताना विचाराला अवधी नसतो, हे खरे. तेथे यंत्राने ढाल व्हावे. मात्र ढाल आणि खड्ग यांतील भेद सैनिकाला जितका कळतो, तितकाच तो कायद्यालाही कळला पाहिजे.

एक कर्तव्य मात्र शासनाची वाट न पाहता प्रत्येक घरात पार पाडता येईल. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा अधिकार मान्य केला आणि शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याची मुभा दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी ही पद्धत सोपी करण्यात आली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते. आपल्याकडे मृत्यूचा विषय घरात काढणे अशुभ मानतात. पण जे पुत्राला सांगितले नाही, तेच उद्या एखादे यंत्र आपल्या जुन्या संदेशांतून शोधत बसेल. त्यापेक्षा एखाद्या रविवारी सायंकाळी, दिवेलागणीनंतर, घरातील मोठ्यांनी मुलांना जवळ बसवून आपली इच्छा सांगावी आणि कागदावर उतरवून ठेवावी. त्या कागदाखाली सही स्वतःची असेल आणि ती पाळण्याची जबाबदारी आपल्या माणसांवर असेल.